पोस्ट तीनची रायफल

काउन्सेलरच्या कोर्सला माझं नाव गेलं ते मी कमी बोलतो म्हणून. दुसरं काही कारण नाही. बटालियन शांतिसेनेच्या मिशनवर आफ्रिकेत जाणार हे पक्कं झालं, तेव्हा प्रत्येक कंपनीतून एक जे.सी.ओ. मागितला होता. जे.सी.ओ. म्हणजे अधिकारी आणि जवान यांच्या मधला माणूस. वरचेही त्याला साहेब म्हणतात, खालचेही साहेब म्हणतात, आणि ऐकावं लागतं दोघांचं. बटालियनचे प्रमुख, सी.ओ. साहेबांनी यादीवर नजर फिरवली आणि म्हणाले, "ओव्हाळ को भेजो. बोलता कम है, सुन लेगा."

मी नायब सुभेदार होतो. नोकरी बावीस वर्षं, घर विश्रांतवाडीला. कोर्स पुण्यातच, लष्करी रुग्णालयात, तीन आठवडे. रोज संध्याकाळी घरी जेवायला. बायको म्हणाली, "तुम्ही लोकांचं ऐकून घेणार? माझं कधी ऐकलंत?" मी ऐकून घेतलं. म्हटलं, सराव होईल.

कोर्समध्ये शिकवलं ते थोडक्यात असं. माणसाची झोप बघा, भूक बघा, घरच्या बातम्या विचारा. मध्ये बोलू नका. "मर्द बन" असं म्हणू नका. आणि जवान जिवाचं बरंवाईट करायचं बोलला, तर तीन गोष्टी लगेच. हत्यार जमा. चोवीस तास सोबत एक माणूस. पहिल्या हेलिकॉप्टरने मागे. यात काउन्सेलरने आपली अक्कल चालवायची नाही. ही ओळ डॉक्टर मॅडमनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी वहीत उतरवून घेतली. माझ्या वहीतही दोन रेघा होत्या.

आमचा कॅम्प बटालियन मुख्यालयापासून चौदा किलोमीटरवर होता. लाल मातीचा रस्ता, पाऊस झाला की तीन तास. कॅम्पात एकच कंपनी. चार कोपऱ्यांना पहाऱ्याचे चार मोर्चे, पोस्ट एक ते चार. समोर गेट, आणि गेटला लागून विस्थापितांची वस्ती. ताडपत्र्यांची, प्लॅस्टिकची. आपलं काम, त्या वस्तीवर लक्ष ठेवायचं. शब्द नीट वाचा. लक्ष ठेवायचं.

कॅम्पात प्रत्येकाच्या खांद्याला रायफल असायची. जेवणाच्या लंगरात, संडासला, टीव्हीसमोर. हात रिकामे असलेला माणूस शंभर पावलांवरून ओळखू यायचा. पहिल्याच महिन्यात आमच्या एका शिपायाने मला सांगितलं की त्याला जगावंसं वाटत नाही. मी नियमाने केलं. रायफल कोतात जमा, म्हणजे हत्यारांच्या खोलीत. पट्टा काढला, बुटाच्या नाड्या काढल्या, मागे एक माणूस लावला. पाच दिवस तो फटक फटक बूट वाजवत कॅम्पभर फिरला. पोरं त्याला 'व्ही.आय.पी.' म्हणायची, कारण मागे बॉडीगार्ड. सहाव्या दिवशी तो भारतात गेला. त्याचा जीव वाचला, पण त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

शनिवारी रोल कॉलला मी फॉर्म भरायचो. "नींद ठीक?" एकशेवीस गळे एका आवाजात, "ठीक साहब!" "भूख ठीक?" "ठीक साहब!" "घर?" "ठीक साहब!" मी टीक मारायचो. मुख्यालय खूश. आमच्या कंपनीचं मानसिक आरोग्य कागदावर इतकं ठणठणीत होतं की एकदा शाबासकीचं पत्रही आलं.

आता लान्स नाईक महेश शितोळे. वय एकतीस, गाव लोणी काळभोर. मिशनवर निघाला तेव्हा गावाने चौकात फ्लेक्स लावला होता. निळी टोपी, हसरा चेहरा, खाली 'लोणीचा शांतिदूत', आणि त्याहून मोठ्या अक्षरात शुभेच्छुकांची नावं. त्या फ्लेक्सचा फोटो त्याने मोबाइलवर कंपनीतल्या प्रत्येकाला दाखवला होता, मला दोनदा. त्याचा एक चुलतभाऊ आमच्याच बटालियनमध्ये होता. शितोळे म्हणायचा, "साहेब, मला इथं शिंक आली तर लोणीत आई काढा करायला घेते."

गेटवर एक बाई शेंगदाणे विकायला यायची. वय चाळीस असेल, पाठीला बांधलेलं लेकरू. शितोळेची ड्यूटी बहुतेक गेटवर. त्याने तिला एक शब्द शिकवला, शेंगा. मग ती रोज सकाळी गेटवर येऊन ओरडायची, "शेंगा! शेंगा!" अगदी आपल्या सारसबागेबाहेर ओरडावं तसं. पोरं हसायची. आम्ही तिला शेंगावाली मावशी म्हणायचो. तिला आमचा तेवढा एकच शब्द येत होता.

सातव्या महिन्यात एका सकाळी ०५१५ ला वस्तीवर टोळी आली. कोयते घेऊन. माणसं गेटकडे धावली. हुकूम असा होता की मुख्यालयाच्या परवानगीशिवाय गेट उघडायचं नाही, कारण माणसांबरोबर टोळीही आत येऊ शकते. आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब, त्यांनी ०५१६ ला परवानगी मागितली. ती ०५३७ ला आली. गेटची किल्ली शितोळेच्या पट्ट्याला होती. गेटच्या जाळीला पलीकडून मावशीने दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती ओरडत होती, "शेंगा! शेंगा!"

०५३७ ला त्याने कुलूप काढलं. तोवर तिचे हात जाळीलाच होते, बाकी ती खाली बसली होती. तीही गेली होती, लेकरूही. वरून लिहून आलं, 'कंपनीने आदेशांचे उत्तम पालन केले.'

त्यानंतर दोन आठवड्यांनी लंगरात शेंगदाण्याची चटणी झाली. शितोळेला ताटावरच उलटी झाली. पोरं हसली. एकजण म्हणाला, "काय रे, दिवस गेले काय?" मी शेजारच्या टेबलावर होतो. तीन आठवड्यांचा कोर्स केलेला मी. मीही हसलो.

बुधवारी दुपारी चारला, हत्यार साफ करायच्या वेळी, तो माझ्या तंबूत आला. सावधान उभा राहिला. बस म्हटलं तर बसला नाही.

"साहेब, कुलूप काढायला किती सेकंद लागतात?"

"का रे?"

"चार. मी मोजलेत. रोज मोजतो."

मी मध्ये बोललो नाही. तेवढं शिकलो होतो.

"काल ड्यूटीवर नळी हनुवटीला लावली होती. दोनदा. आज सांगायला आलो."

मी उठलो. त्याला कळलं मी कशाला उठलो ते. त्याने रायफलचा पट्टा घट्ट धरला.

"साहेब, काय पण करा. कोंडून ठेवा. रायफल घेऊ नका. चुलतभाऊ जेवायच्या आत गावात कळवतो. चौकात माझा फ्लेक्स हाय साहेब. आई रोज तिथून दूध घालायला जाते. शितोळेचं डोकं फिरलं म्हणतील. ते ऐकण्यापेक्षा मग मी..."

मी त्याच्या हातांकडे बघितलं. मला तो नाड्या नसलेला शिपाई आठवला, फटक फटक वाजणारे बूट आठवले. आणि मला एक कल्पना सुचली. ती मला फार हुशारीची वाटली, हे इथे लिहायला पाहिजे.

मी म्हणालो, "रायफल राहू दे. उद्या मिशनच्या काउन्सेलर मॅडम येतायत हेलिकॉप्टरने. त्यांच्याशी बोल. तोवर लंगरात काम कर. मी सांगतो, पाय मुरगळलाय म्हणून. रायफल तेवढी आत्ता पाटोळेकडे तपासणीला दे, पाच मिनिटांत मिळेल."

हवालदार पाटोळे आमचा आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. मी त्याला म्हणालो, "याच्या रायफलची फायरिंग पिन काढ. रजिस्टरला घ्यायचं नाही." फायरिंग पिन म्हणजे बोटाएवढी सळी. ती गोळीच्या बुडावर आपटते तेव्हा गोळी सुटते. ती नसली की रायफल म्हणजे नुसता लाकूड-लोखंडाचा दांडका. दिसायला मात्र तीच रायफल.

पाटोळे म्हणाला, "साहेब, हे बरोबर नाही."

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

त्याने पिन काढून दिली. मी ती दाढीच्या डबीत ठेवली. शितोळेला रायफल परत मिळाली. खांद्याला लावून तो लंगराकडे गेला, आणि मला वाटलं, जमलं. माणूसही वाचला आणि माणसाची लाजही. मेजर साहेबांना सांगितलं नाही, कारण ते नियमाने वागले असते. रोज रायफल उघडून साफ करणाऱ्याला पिन नाही हे कळणार नाही का, असं कुणी विचारेल. माझं उत्तर तयार होतं. त्या दिवसांत तो काहीच साफ करत नव्हता. हे मी बघितलेलं नव्हतं, नुसतं धरून चाललो होतो.

गुरुवारी हेलिकॉप्टर आलं नाही. मिशनला कुणी बडे पाहुणे आले होते, त्यांना धबधबा बघायचा होता. पुढची फेरी पुढच्या गुरुवारी, तीही मुख्यालयापर्यंतच. मी ठरवलं, आपण जाऊन मॅडमना गाडीने घेऊन यायचं. तेवढे सात दिवस शितोळेने लंगरात पोळ्या लाटल्या. तो बरा दिसत होता. एकदा मला म्हणाला, "साहेब, झोप लागली काल. चार तास." मला इतका आनंद झाला की शनिवारच्या फॉर्मवर त्याच्या नावापुढे 'झोप ठीक' ही टीक मी त्या वर्षात पहिल्यांदा खरी मारली. जिवाचं बरंवाईट करायच्या विचारांचा रकाना मात्र कोरा ठेवला. तो भरला असता तर रायफल त्याच्या खांद्यावर का आहे, हे कुणीतरी विचारलं असतं.

बुधवारी दुपारी मी मुख्यालयाला निघालो. जाताना कंपनी हवालदार मेजर शिंदेला एवढंच म्हणालो, "शितोळेला लंगरातच ठेव." का, ते सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. फौजेत कारण विचारायची पद्धत नाही, आणि त्या दिवशी मला ती पद्धत फार सोयीची वाटली.

गुरुवारी पहाटे कॅम्पात दोन जवान मलेरियाने आडवे झाले. पोस्ट तीन मागच्या बाजूची, एकट्या माणसाची. तिथे माणूस हवा होता. शिंदेने लंगरात बघितलं. शितोळे उभा राहून पोळ्या लाटत होता, खांद्याला रायफल. शिंदे म्हणाला, "पाय बरा झालाय तुझा. चल, पोस्ट तीन." शिंदेची यात काही चूक नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही त्यालाच पाठवला असता.

०५४० ला टोळी पुन्हा आली. या वेळी वस्तीवर नाही, कॅम्पवर. त्यांना आमचा दारूगोळा हवा होता. मुख्य मारा पोस्ट एकवर, आणि दहा-बारा जण मागून पोस्ट तीनकडे.

मी मुख्यालयाच्या रेडिओच्या खोलीत होतो. हातात चहाचा मग. रेडिओ नेटवर मेजर साहेबांचा आवाज आला.

"पोस्ट तीन, सामने मूवमेंट है. फायर डालो. ओवर."

"पोस्ट तीन. स्टॉपेज. ओवर."

स्टॉपेज म्हणजे हत्यार अडकलंय. मी चहाचा मग खाली ठेवला.

"आय.ए. करो. फायर डालो. ओवर."

आय.ए. म्हणजे अडकलेली गोळी काढून पुन्हा भरायची कवायत.

"किया साहब. स्टॉपेज. ओवर."

घड्याळात ०५४६. पोस्ट दोन त्याच्यापासून साठ पावलांवर. तिथे एल.एम.जी., म्हणजे हलकी मशीनगन होती, चार माणसं होती. कुणीतरी नुसतं सांगायला हवं होतं की पोस्ट तीनचं हत्यार मेलेलं आहे, ते चालूच शकत नाही, तिथे माणूस पाठवा. हे माहीत असलेली माणसं माझ्या हिशेबाने जगात दोन. पाटोळे पोस्ट एकवर दारूगोळा पोचवत होता. दुसरा मी, रेडिओपासून हातभर अंतरावर.

सिग्नलचा नाईक माझ्याकडे बघत होता. मी उभा राहिलो होतो ना. त्याने हँडसेट पुढे केला. "साब, कुछ बोलना है?"

नेटवर सगळी बटालियन ऐकत होती. सी.ओ. साहेब ऐकत होते. मी बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, 'तुला कसं माहीत?' माझी पेन्शन डोळ्यांपुढे आली. कोर्ट मार्शल आलं. विश्रांतवाडीचं घर आलं. शितोळे आला नाही.

मी म्हणालो, "नहीं."

०५४९. "पोस्ट तीन, रिपोर्ट. ओवर." "पोस्ट तीन. स्टॉपेज. वो नजदीक हैं. ओवर." आवाज शांत होता. ०५५१ ला फक्त कॉकिंग हँडल, म्हणजे गोळी भरायचा खटका, ओढल्याचा आवाज, खटक, खटक. त्याने बहुधा रेडिओचं बटण दाबूनच ठेवलं होतं. ०५५३ ला पोस्ट तीनने उत्तर दिलं नाही.

०६२० ला हल्ला मोडला. आमचा एक गेला. मी साडेनऊला पोचलो. काउन्सेलर मॅडम माझ्या गाडीतच होत्या, मांडीवर फाइल घेऊन. फाइलवर शितोळेचं नाव होतं, आत कोरे कागद. त्याचं काय ते मी कॅम्पात पोचल्यावर सांगणार होतो.

त्याला गोळी लागली नव्हती. कोयत्यांनी मारला होता. दोन्ही हात मनगटाजवळ तुटत आलेले, कारण शेवटपर्यंत त्याने रायफल आडवी धरली होती. ती त्याच्या अंगाखाली सापडली. मी सांगतो ते तुम्हाला नको वाटत असेल. मलाही नको वाटतं.

रायफल चौकशीसाठी सील व्हायची होती. त्याआधी ती कोतात आली. पाटोळे दारात उभा होता, चेहरा पांढराफटक.

"साहेब, पिन."

मी दाढीची डबी आणली. पाटोळेने पिन बसवली. दोन मिनिटांचं काम. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की आम्ही दोघं वाचलो. त्या दोन मिनिटांत आम्ही शितोळेचं काय केलं, ते चौकशीच्या दिवशी कळलं.

चौकशीत रायफल चालवून बघितली. व्यवस्थित चालली. गोळ्या वीसच्या वीस, काही मॅगझिनमध्ये, काही मोर्च्यात पडलेल्या. एकही फायर नाही. रेडिओवर तीन वेळा 'स्टॉपेज', आणि स्टॉपेज तर नाहीच. निष्कर्ष लिहिला, 'हत्यार चालू स्थितीत. जवानाने भीतीपोटी फायर केला नाही.' मला साक्षीला बोलावलं होतं. विचारलं, काउन्सेलर या नात्याने काही लक्षणं दिसली होती का? माझा फॉर्म समोर होता. झोप ठीक. भूक ठीक. घर ठीक.

मी म्हणालो, "नहीं साहब."

तेराव्याला मी रजा काढून लोणीला गेलो. चौकात 'शहीद' लिहिलेला नवा फ्लेक्स लागला होता तो चौथ्या दिवशीच उतरला होता. चुलतभावाने काम चोख केलं होतं. मी घरी पोचलो तेव्हा तो फ्लेक्स गोठ्यावर अंथरलेला दिसला, चेहरा आतल्या बाजूला करून. दूध सोसायटीचा चेअरमन आला नव्हता, सरपंच आला नव्हता. आई ओट्यावर बसली होती. आल्या-गेल्याला एकच सांगत होती, "माझं पोरगं भ्यालं न्हाई. बारकं हुतं तवा सापाची शेपटी धरून वढायचं. ते भ्यायचं न्हाई." लोक मान डोलवत होते आणि चहा पीत होते.

त्याची बायको वैशाली मला मागच्या अंगणात घेऊन गेली. सव्वीस-सत्तावीसची असेल.

"साहेब, एक विचारू? गेले त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, रायफलीत पिन नाही. ओव्हाळ साहेबांनी काढून घेतलीय, मला सांगितलं नाही, पण रोज साफ करतो, मला कळणार नाही का? मी म्हटलं, मग विचारा त्यांना. तर म्हणाले, विचारलं की ते फसतील. त्यांनी माझी अब्रू ठेवलीय. रायफल खांद्यावर हाय, तेवढं बास. उद्या मॅडम येतायत." तिने माझ्याकडे बघितलं. "खरं आहे का हे?"

तो रोज साफ करत होता. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्याही हातात रेडिओ होता. 'पिन नाही' हे दोन शब्द त्यालाही बोलता आले असते, आणि तो तीन वेळा 'स्टॉपेज' म्हणाला. तो माझ्यासाठी गप्प राहिला. मीही माझ्यासाठीच गप्प राहिलो.

मी तिच्याकडे बघून म्हणालो, "ताई, त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. अशा वेळी माणसाला भास होतात. रायफल तपासली आहे. पिन होती."

ती म्हणाली, "बरं." पदर नीट केला आणि चहा टाकायला आत गेली. शितोळेने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, की गावात 'डोकं फिरलं' म्हणू देऊ नका. ते गावात पहिल्यांदा मी म्हणालो.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मी सुभेदार होऊन रिटायर झालो. पुण्यात 'तणावमुक्त जीवन' या विषयाला हल्ली फार मागणी आहे. कॉलेजं बोलावतात, आय.टी.वाले बोलावतात. शाल, श्रीफळ, 'आपण फार छान बोलता.' कमी बोलणारा ओव्हाळ आता माइक सोडत नाही, असं बायको म्हणते. भाषणात माझं एक ठरलेलं वाक्य आहे. म्हणजे होतं. "माझ्याकडे मन मोकळं करायला आलेला एकही जवान मी गमावला नाही." या वाक्याला हमखास टाळ्या पडतात.

या वर्षी वाघोलीच्या एका कॉलेजात हे वाक्य बोललो. टाळ्या पडल्या. हॉलच्या दाराशी कॉलेजच्या ऑफिसातली एक बाई हजेरीचे कागद घेऊन उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. कार्यक्रम संपल्यावर ती पुढे आली. मी तिला ओळखलं नाही.

"मी वैशाली शितोळे. इथं ऑफिसात असते. साहेब, ते आले नव्हते का तुमच्याकडं?"

माझ्या अंगावर शाल होती. प्राचार्य शेजारी उभे होते, म्हणाले, "अरे वा, आपली ओळख आहे का?" मला घाम फुटला. त्या रेडिओच्या खोलीत फुटला नव्हता, तो इथे फुटला. मी म्हणालो, "आला होता. ताई, आपण बाहेर बसू."

पार्किंगच्या बाजूला एक सिमेंटचा बाक होता. तिथे मी तिला सगळं सांगितलं. बुधवार, चार वाजता, इथपासून. पिन, दाढीची डबी, नाईकाने पुढे केलेला हँडसेट, पाटोळे, दोन मिनिटं. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मी कोर्स करून शिकलो ते तिला उपजतच येत होतं.

शेवटी मी म्हणालो, "मला माफ..."

"ते मागू नका," ती म्हणाली. "मला द्यायचं नाहीये."

पोरंपोरी गाड्या काढत होती. ती त्यांच्याकडे बघतच बोलली.

"सासूबाई गेल्या चैत्रात. शेवटच्या आजारातपण तेच. माझं पोरगं भ्यालं न्हाई, भ्यालं न्हाई. दवाखान्यात, नर्ससमोर, कुणाहीसमोर. मला लाज वाटायची. मी त्यांना दटावायचे. आई, गप बसा आता, रायफलीत पिन होती, साहेब स्वतः सांगून गेलेत. एकदा तर ओरडले त्यांच्यावर. त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत. चार दिवसांनी गेल्या." ती माझ्याकडे वळली. "म्हातारीला मी गप केलं साहेब. तुमच्या शब्दावर."



ती उठली, ऑफिसातून दोन कोरे कागद आणि पेन घेऊन आली. "लिहून द्या. वेळेसकट. सही करा, नंबर टाका. मी पाठवते कुठे पाठवायचं ते. तुमच्यावर काय व्हायचं ते होऊ दे."

मी लिहिलं. पाटोळेला नंतर फोन केला, तर तो म्हणाला, "साहेब, मला मध्ये घेऊ नका, मुलीचं लग्न ठरलंय." मी म्हटलं, नाव लिहून झालंय. त्याने फोन ठेवला. कागद वर गेलेत. उत्तर यायचंय. कॉलेजं बोलावतात, मी आता जात नाही. जे हॉलमध्ये बोलायला पाहिजे होतं ते इथे लिहिलं आहे.

त्या बाकावर लिहिलेल्या कागदाची शेवटची ओळ मी अशी लिहिली होती, 'लान्स नाईक महेश शितोळे घाबरला नव्हता.' वैशालीने कागद उभ्यानेच वाचला. ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोडा. घाबरले असतील. समोर दहा कोयते, हातात दांडका, कोण घाबरणार नाही? तुम्ही नाही का घाबरलात, नुसत्या रेडिओला? खरं तेवढं लिहा."

मी खोडलं. तिच्या समोर पुन्हा लिहिलं, आणि तेच इथे लिहितो.

लान्स नाईक महेश शितोळे, पोस्ट तीन. हत्यार चालत नाही हे त्याला माहीत होतं. का चालत नाही हेही माहीत होतं. मागचा रस्ता मोकळा होता. ०५४० ते ०५५३, तेरा मिनिटं. तो पळाला नाही.